बर्मिंगहॅमचा हिशेब बर्मिंगहॅमकरांनाच मागू द्या

७ मे २०२६ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात पालिकेची निवडणूक आहे. चार वर्षांतून एकदा येणारी, ६९ वॉर्डांतल्या सगळ्या १०१ जागांसाठीची. लंडन वगळलं तर देशातलं हे सर्वांत मोठं शहर; २०२१ च्या जनगणनेत वस्ती साडेअकरा लाखांच्या आसपास. मागच्या निवडणुकीनंतर या शहराने काय काय पाहिलं? सप्टेंबर २०२३ मध्ये पालिकेने दिवाळखोरीची नोटीस काढली. महिन्याभरात लंडनच्या सरकारने कारभारावर देखरेख करायला वर आपले कमिशनर आणून बसवले. कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, आधी ९.९९ टक्क्यांनी आणि पुढच्या वर्षी ७.४९ टक्क्यांनी वाढला. मग कचरा उचलणाऱ्यांचा संप झाला आणि काळ्या पिशव्यांचे ढीग फुटपाथवर कुजत राहिले. एवढं सगळं घडलेल्या शहरात निवडणुकीची चर्चा कशावर चालावी? ती चालली आहे लेबर पक्षाचे पंतप्रधान स्टार्मर यांच्या लोकप्रियतेवर, नायजेल फराज यांचा रिफॉर्म पक्ष किती जागा काढेल यावर, गाझाच्या प्रश्नावर उभे राहिलेले अपक्ष लेबरची किती मतं खातील यावर. आणि जे शहाणे या चर्चेच्या बाहेर आहेत, ते म्हणतात की निर्णय कमिशनरांच्या हातात असताना नगरसेवक कोण निवडून आले याला अर्थच उरत नाही.

मला हे दोन्ही सूर चुकीचे वाटतात, आणि एकाच कारणाने. दोघांनीही ही निवडणूक बर्मिंगहॅमची आहे ही गोष्ट सोडून दिली आहे. माझं म्हणणं असं की हे शहर ज्या खड्ड्यात गेलं, त्याचं एक मोठं कारण म्हणजे वर्षानुवर्षं इथल्या निवडणुकीत पालिकेचा जमाखर्च हा विषयच नव्हता. शहरातली मतं देशाच्या पंतप्रधानाबद्दलचा कौल म्हणून मोजली गेली आणि शहराचे निर्णय घेणारे त्या गर्दीतून निसटत राहिले. त्यामुळे या निवडणुकीत पालिकेची कागदपत्रं मध्यभागी आणली पाहिजेत. आणि तसं करण्यासारखं काही शहराच्या हातात उरावं म्हणून पैशाचे अधिकारही शहराकडे परत आले पाहिजेत. यातली पहिली गोष्ट दुसरीशिवाय टिकणार नाही.

आधी दिवाळखोरी आली कशी ते पाहू, कारण यावर जितक्या सहज बोललं जातं तितकं ते साधं नाही. इंग्लंडमध्ये पालिका कंपनीसारखी बुडत नाही. १९८८ च्या स्थानिक वित्त कायद्याच्या कलम ११४ खाली मुख्य वित्त अधिकारी नोटीस काढतो की खर्च आणि उत्पन्न यांचा मेळ बसत नाही. त्यानंतर कायद्याने करावाच लागणारा खर्च सोडून नवा खर्च थांबतो. ५ सप्टेंबर २०२३ च्या नोटिशीमागे सर्वांत मोठं कारण होतं समान वेतनाची देणी. बर्मिंगहॅम पालिकेत कचरा उचलणारे, रस्ते झाडणारे, कबरी खणणारे अशा बहुतांशी पुरुषांच्या कामांना वर्षानुवर्षं बोनस मिळत होते. त्याच वेतनश्रेणीतल्या बायकांना, म्हणजे शाळांतल्या स्वयंपाकिणी, सफाई करणाऱ्या, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या, यांना ते बोनस नव्हते. २०१० मध्ये हजारो स्त्रिया रोजगार न्यायाधिकरणात जिंकल्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पालिकेविरुद्ध निकाल दिला की नोकरी सोडलेल्या कामगारांनाही दिवाणी न्यायालयात दाद मागता येईल, जिथे मुदत सहा महिन्यांची नसून सहा वर्षांची असते. त्यानंतर पालिकेने जवळपास ११० कोटी पौंड या देण्यांपोटी मोजले. त्या पैशासाठी २०१५ मध्ये शहराने आपलं नॅशनल एक्झिबिशन सेंटर आणि त्यासोबतचा सगळा उद्योग ३० कोटी ७० लाख पौंडांना विकला. तीन वर्षांनी तोच समूह पुढे विकला गेला तेव्हा बातम्यांत आलेली किंमत होती सुमारे ८० कोटी. शहराने घाईत विकलं, आणि त्या घाईची किंमत शहरानेच भरली.

इतकं भोगल्यावर ही चूक पुन्हा होणार नाही असं कुणालाही वाटेल. ती पुन्हा झाली, आणि कशी झाली यात या शहराचं सगळं दुखणं दिसतं. २०१७ च्या उन्हाळ्यात पालिकेने कचरागाडीवरची एक वरिष्ठ श्रेणीची जागा रद्द करायचं ठरवलं. संप झाला. रस्त्यांवर कचरा साठला. आधी तडजोड जाहीर झाली, मग ती मोडली, आणि सप्टेंबरमध्ये पालिकेचे नेते जॉन क्लॅन्सी यांना पद सोडावं लागलं. शेवटी समेट झाला तो असा: श्रेणी तीच ठेवून त्या कामगारांना नवं पदनाम द्यायचं. संप मिटला, पिशव्या उचलल्या गेल्या, सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पण बहुतांशी पुरुष असलेल्या खात्याला वेगळी श्रेणी राहिली. शिवाय ठरलेली फेरी संपली की तास भरायच्या आत घरी जायची मुभा त्या खात्यात होती, जी स्वयंपाकिणीला किंवा सेविकेला नव्हती. म्हणजे समान वेतनाच्या नव्या दाव्यांना जागा तयार होत गेली. जून २०२३ मध्ये पालिकेने सांगितलेला देण्यांचा अंदाज होता ६५ ते ७६ कोटी पौंड. हा आकडा फुगवलेला होता का यावर पुढे जाणकारांत वाद झाला, पण दावे खरे होते आणि दावा लावणाऱ्या बायकाही खऱ्या होत्या. आता ती बाजू सावरण्यासाठी तेच पद काढून टाकायचं ठरलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा संप सुरू झाला. ११ मार्चपासून तो बेमुदत झाला. ३१ मार्चला पालिकेने शहरात गंभीर आणीबाणीची स्थिती जाहीर केली तेव्हा सुमारे १७,००० टन कचरा रस्त्यांवर पडून होता. २०१७ मध्ये जे विकत घेतलं गेलं ते आठ वर्षांनी परत करायची वेळ आली, आणि मध्ये भरडला गेला तो कामगार, ज्याच्या युनियनच्या म्हणण्यानुसार काहींचं वर्षाला ८,००० पौंडांपर्यंत नुकसान होणार होतं. पालिका म्हणते नुकसान याहून बरंच कमी आहे आणि फार थोड्यांचं आहे. आकड्यांचा हा वाद मी सोडवू शकत नाही. पण स्त्रियांना न्याय द्यायचा तर कचरा कामगाराच्या पगारातूनच द्यावा लागेल, अशी वेळ शहरावर कुणी आणली हा प्रश्न मी सोडणार नाही.

दुसरं कारण संगणकाचं. एप्रिल २०२२ मध्ये पालिकेने आपली जुनी हिशेबप्रणाली बंद करून ओरॅकल कंपनीची नवी प्रणाली सुरू केली. सुरुवातीचा अंदाज दोन कोटी पौंडांच्या आतबाहेर होता. खर्च दहा कोटींच्या पुढे गेला. तयार प्रणालीला साजेशी कामाची पद्धत बदलायची सोडून प्रणालीच आपल्या जुन्या पद्धतीप्रमाणे वाकवायचा हट्ट धरला गेला. परिणाम असा की बँकेत आलेले पैसे कोणत्या खात्यातले हे जुळवणंसुद्धा अवघड झालं आणि वर्षाचे हिशेब वेळेवर पूर्ण करता येईनात. सव्वाअकरा लाखांवर माणसांच्या शहराला आपल्याकडे किती पैसे आहेत हे नीट सांगता येत नव्हतं. ही प्रणाली सुरू झाली एप्रिलमध्ये आणि निवडणूक होती ५ मे २०२२ ला. प्रचारात तिच्याबद्दल कुणी किती बोललं? त्या निवडणुकीची मोठी चर्चा होती पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या डाउनिंग स्ट्रीटमधल्या टाळेबंदीतल्या पार्ट्यांवर. लेबरला ६५ जागा मिळाल्या, कन्झर्व्हेटिव्हांना २२, लिबरल डेमोक्रॅटांना १२, ग्रीनला २. तीन मतदारांपैकी एकाहून कमी मतदानाला आला.

आणि हे केवळ लेबरचं पाप म्हणून सोडून देता येत नाही. २००४ ते २०१२ या काळात शहरात कन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट यांची आघाडी होती. समान वेतनाचे दावे त्याच काळात न्यायालयात लढवले आणि हरले गेले. २०१२ मध्ये लेबर आलं. ते त्या आघाडीच्या कारभाराचा निवाडा म्हणून आलं, की तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरन आणि अर्थमंत्री ऑस्बर्न यांच्या अर्थसंकल्पावरच्या रागातून? दोन्ही बाजूंचे लोक तेव्हा यातलं दुसरं कारण सांगत होते. पराभव झाला तर दोष लंडनचा, विजय झाला तर श्रेयही लंडनच्या वाऱ्याचं. अशा वातावरणात पालिकेचा नेता आपल्या निर्णयाचं ओझं मतदारासमोर कशाला मांडेल? दावे लांबवा, समेट करा, पदनाम बदला, मालमत्ता विका, पुढची निवडणूक येऊ द्या. ज्याला प्रश्न विचारला जात नाही तो उत्तर पुढे ढकलतो. हे पक्षाचं वैशिष्ट्य नाही.

आता समोरच्यांचं म्हणणं, आणि त्यात पुष्कळ वजन आहे. लेबरचे कार्यकर्ते सांगतात की खरा खलनायक २०१० नंतरची काटकसर आहे. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये मांडलेला आकडा माझ्या मनातून जात नाही: २०१०-११ ते २०१७-१८ या सात वर्षांत इंग्लंडमधल्या स्थानिक संस्थांना मिळणारा सरकारी निधी महागाई जमेस धरता ४९ टक्क्यांनी घटला. ज्या शहरात गरीब जास्त, तिथे घरपट्टीसारख्या करातून येणारं उत्पन्न कमी आणि सरकारी निधीवरचं अवलंबन जास्त; म्हणून कात्री बर्मिंगहॅमसारख्या शहरांत खोल गेली. म्हाताऱ्यांची आणि अपंगांची काळजी, पालक नसलेली मुलं, विशेष गरजा असलेल्या मुलांना शाळेत नेणाऱ्या गाड्या, हे खर्च कायद्याने टाळता येत नाहीत आणि दरवर्षी वाढतात. त्यामुळे कात्री चालते ती वाचनालयांवर, तरुणांच्या केंद्रांवर, रस्त्यावरच्या दिव्यांवर. २०२४ मध्ये पालिकेने दोन वर्षांत ३० कोटी पौंड वाचवायचं ठरवलं तेव्हा शहरातल्या मोठ्या नाट्य-संगीत संस्थांचं अनुदान आधी निम्मं आणि मग शून्य करायचा निर्णय त्यातच होता. हे सगळं खरं आहे, आणि जो कुणी बर्मिंगहॅमची गोष्ट फक्त लेबरच्या गलथानपणाची म्हणून सांगतो, त्याने हे वाक्य गाळलेलं असतं.

पण मग एक गोष्ट समजावून सांगा. काटकसर सगळ्यांनाच होती. मग सगळ्या पालिका का नाही बुडाल्या? आणि गलथानपणा हा लेबरचा स्वभाव असेल, तर २०१८ मध्ये नॉर्थँप्टनशर कसं बुडालं, जिथे कन्झर्व्हेटिव्हांचंच राज्य होतं? २०२२ च्या अखेरीस थरक का बुडालं, जिथे कन्झर्व्हेटिव्ह कारभारात सौरऊर्जेच्या धंद्यात कोट्यवधी पौंड गुंतवले गेले होते? कन्झर्व्हेटिव्हांच्या काळात गगनचुंबी इमारतींसाठी कर्ज काढून बसलेलं चिमुकलं वोकिंग? आणि दुसऱ्या बाजूला लेबरची क्रॉयडन, स्लाव, नॉटिंगहॅम? निधी आटला हे पाणी ओसरण्यासारखं होतं. तळाशी कुठे कोणता खडक आहे हे ज्या त्या शहराने ठरवलं होतं. दोन्ही पक्ष अर्धी गोष्ट सांगतात आणि उरलेली अर्धी सांगायची वेळ आली की भाषण संपवतात.

इथे बर्मिंगहॅमचा जुना इतिहास कामाला येतो, आणि तो नुसता अभिमानाने सांगण्यासाठी नाही. १८७३ मध्ये जोसेफ चेंबरलेन हा स्क्रूच्या कारखान्यातून पैसा मिळवलेला माणूस शहराचा महापौर झाला. जेमतेम तीन वर्षांत त्याने दोन खाजगी गॅस कंपन्या शहरासाठी विकत घेतल्या, पाणीपुरवठा ताब्यात घेतला, शहराच्या मध्यातली गलिच्छ वस्ती पाडून कॉर्पोरेशन स्ट्रीट काढायला घेतला. गॅसच्या नफ्यावर शहर सुधारायचं आणि पाण्यावर मात्र नफा काढायचा नाही, हे त्याचं धोरण होतं. पुढे वेल्सच्या एलन खोऱ्यातून शंभर किलोमीटरहून लांब नळ टाकून १९०४ मध्ये शहरात पाणी आलं. १९१९ मध्ये शहराने स्वतःची बँक काढली. पुढच्या साम्राज्यवादी राजकारणातले चेंबरलेन मला मुळीच प्रिय नाहीत. पण महापौर चेंबरलेन यांच्या कारभारातली एक गोष्ट मोलाची आहे. शहराने चूक केली असती तर ती शहराची चूक ठरली असती. आज? वीज आणि रुग्णालयं १९४८ मध्ये राष्ट्राकडे गेली, गॅस १९४९ मध्ये, पाणी १९७४ मध्ये प्रादेशिक प्राधिकरणाकडे आणि १९८९ मध्ये खाजगी कंपनीकडे. १९८४ मध्ये थॅचर सरकारने स्थानिक कराला वरून मर्यादा घालायचा कायदा केला. १९९० मध्ये धंद्यांवरच्या कराचे दर ठरवायचा अधिकारही गेला. उरला कौन्सिल टॅक्स, ज्यासाठी घराची किंमत आजही १ एप्रिल १९९१ ची धरतात. त्यातही ४.९९ टक्क्यांच्या वर वाढ करायची तर लोकांचा सार्वमताने कौल घ्या किंवा मंत्र्यांची परवानगी आणा. हे काढून घेणं एका पक्षाने केलेलं नाही. युद्धानंतरचे पंतप्रधान अ‍ॅटली यांच्या लेबरने त्याला सुरुवात केली आणि थॅचर यांच्या कन्झर्व्हेटिव्हांनी ते पूर्ण केलं.

म्हणून मतदार पालिकेच्या निवडणुकीत देशाबद्दल मत देतो तेव्हा त्याला मूर्ख म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. पैसा लंडन ठरवतं, मग राग लंडनवर का काढू नये? स्पार्कब्रुक किंवा अ‍ॅलम रॉक या शहरातल्या मुस्लिमबहुल भागांमधल्या एखाद्या घराचे नातेवाईक युद्धात होरपळणाऱ्या जगाशी मनाने जोडलेले असतील आणि त्यांचा खासदार त्यांच्या दुःखाबद्दल गप्प बसला असेल, तर त्यांनी हातात असलेलं मत वापरू नये असं सांगणारा मी कोण? लोकशाहीत मताला हेतूचं बंधन नसतं. माझा आक्षेप मतदारावर नाही, उमेदवारावर आहे. ज्याने गाझाचा किंवा बोटींतून येणाऱ्या निर्वासितांचा प्रश्न घेऊन मत मागितलं, तो निवडून आल्यावर ज्या खोलीत बसणार आहे, तिथे या दोन्हींवर ठराव करण्यापलीकडे काही करता येत नाही. तिथे त्याला ठरवायचं आहे की ऑटिझम असलेल्या मुलाला शाळेत नेणारी गाडी चालू राहील की नाही, वॉर्डातलं वाचनालय आठवड्यात किती दिवस उघडेल, कोणती जमीन कुणाला विकली जाईल. या प्रश्नांवर त्याचं मत काय आहे? ते त्याने प्रचारात सांगितलंच नसेल, तर मे महिन्यानंतर त्याला त्याबद्दल जाब कोणत्या आधारावर विचारायचा? रिफॉर्मच्या उमेदवाराला हा प्रश्न लागू आहे, अपक्षाला लागू आहे, आणि केंद्रात सत्तेत असूनही पालिकेच्या पत्रकावर फक्त लंडनचं श्रेय छापणाऱ्या लेबरच्या उमेदवाराला तर सर्वांत जास्त.

दुसरा आक्षेप कमिशनरांच्या बाजूने येतो. ज्यांनी समान वेतनाची चूक दोनदा केली आणि हिशेब लिहिता येईना अशी प्रणाली आणली, त्यांच्या हाती शहर कसं ठेवायचं? ऑक्टोबर २०२३ मध्ये तेव्हाचे मंत्री मायकेल गोव्ह यांनी कमिशनर नेमले तेव्हा हाच युक्तिवाद होता, आणि मी मान्य करतो की त्या घडीला बाहेरचे जाणते डोळे हवे होते. पण कमिशनरांनी आणलं काय? सव्वाशे कोटी पौंडांची जी ‘मदत’ सरकारने जाहीर केली ते अनुदान नव्हतं. मालमत्ता विकायची आणि कर्ज काढून रोजचा खर्च भागवायची ती परवानगी होती. करवाढ शहराने सोसली, कपात शहराने सोसली, विक्री शहराच्या जमिनींची झाली. आणि हे सगळं ठरवण्यात ज्यांचा शब्द वजनदार, ते मंत्र्याला उत्तर देतात. बर्मिंगहॅमच्या एकाही वॉर्डात त्यांना मत मागावं लागत नाही.

मुंबईच्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटायला हवं. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार प्रत्यक्षात म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती गेला. क्रॉफर्ड कर्तबगार होते. शहर त्यांनी पुष्कळ स्वच्छ केलं, मंडई बांधली. पण खर्च हाताबाहेर गेला, तिजोरी रिकामी झाली आणि १८७१ मध्ये करदाते खवळले. तेव्हाही सोपा उपाय समोर होता: आणखी कडक सरकारी नियंत्रण. सव्वीस वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी उलटी मांडणी केली. त्यांचं म्हणणं होतं की कार्यकारी अधिकारी समर्थ असू द्या, पण त्याला जाब विचारणारं मंडळ करदात्यांनी निवडलेलं असलं पाहिजे. दोष माणसाचा कमी आणि उत्तरदायित्व नसलेल्या रचनेचा जास्त आहे. १८७२ चा कायदा अपुरा होता, तरी ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे हे त्याने मान्य केलं. म्हणजे बर्मिंगहॅममध्ये चेंबरलेन महापौर होण्याच्या आदल्या वर्षी, परक्या सत्तेखालच्या मुंबईत, रिकाम्या तिजोरीवरचा उपाय म्हणून करदात्यांना मत दिलं गेलं. दीडशे वर्षांनी बर्मिंगहॅममध्ये त्याच दुखण्यावर मतदाराला बाजूला बसवलं जातं आणि त्याला सुधारणा म्हणतात. आणि याच मुंबईत मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ निवडून आलेली महापालिकाच नव्हती, सगळं प्रशासकाच्या सहीने चाललं. रस्ते, कंत्राटं, ठेवी यांवर प्रश्न पडले तेव्हा सभागृहात उठून विचारणारा नगरसेवक नव्हता. हा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांनी तरी बर्मिंगहॅमची निवडणूक निरर्थक आहे असं म्हणू नये.

सर्वांत कठीण आक्षेप शेवटी ठेवला आहे. शहराला पैशाचे अधिकार द्या म्हणता, पण ज्याने दोन कोटींच्या कामावर दहा कोटी घालवले त्याच्या हाती आणखी पैसा? आणि श्रीमंत गावं आपल्या करावर सुखाने जगतील, गरीब शहरं आणखी गरीब होतील, त्याचं काय? दुसऱ्या भागाचं उत्तर पूर्व लंडनमधल्या पॉप्लरने १९२१ मध्येच दिलं आहे. बेकारांना मदत देऊन कंबरडं मोडलेल्या त्या गरीब पालिकेने लंडन कौंटीचा वाटा भरायचं नाकारलं. जॉर्ज लॅन्सबरी यांच्यासह ३० नगरसेवक तुरुंगात गेले. सरकारला नमावं लागलं आणि लंडनमधल्या श्रीमंत पालिकांनी गरीब पालिकांच्या मदतकार्याचा भार वाटून घेण्याचा कायदा त्याच वर्षी झाला. तेव्हा पॉप्लरच्या लोकांनी स्वायत्तता आणि समन्याय यांतलं एकच निवडा असं ऐकून घेतलं नव्हतं. गरजेप्रमाणे वाटा सूत्राने मिळाला पाहिजे, मंत्र्याच्या मर्जीने नव्हे, आणि त्यावर शहराला आपला कर आपण ठरवता आला पाहिजे. या दोन गोष्टी एकत्र नांदतात. १९९१ च्या किमतींवर आज कर लावणं, ज्यात सर्वांत महाग पट्ट्यातलं घर सर्वांत स्वस्त पट्ट्यातल्या घराच्या फक्त तिप्पट भरतं, हे तर कोणत्याच तत्त्वात बसत नाही, आणि तरी कोणत्याही पक्षाच्या सरकारने त्याला हात लावलेला नाही.

पहिल्या भागाचं उत्तर देताना मला जास्त अडचण आहे. होय, या पालिकेने विश्वास गमावला आहे. ओरॅकलचं वादळ दिसत असताना कुणी गप्प बसलं, कुणाला कळलंच नाही, आणि दोन्ही गोष्टी तितक्याच गंभीर आहेत. पण अधिकार काढून घेतल्याने शहाणपण आल्याचं एक तरी उदाहरण आहे का? चाळीस वर्षं अधिकार काढलेच जात आहेत. हातात फारसं नसल्यामुळे चांगली माणसं पालिकेकडे वळत नाहीत, वृत्तपत्रं पालिकेच्या बैठकांना वार्ताहर पाठवत नाहीत, पक्ष तिथे पुढच्या खासदारकीच्या तालमी घेतात. मग चुका होतात, आणि त्या चुका दाखवून आणखी अधिकार काढले जातात. पैसा आणि जबाबदारी एकत्र आली की निदान बघणारे वाढतात. त्यासोबत अटी हव्यात: देण्यांचा हिशेब दरवर्षी साध्या भाषेत जाहीर व्हावा, लेखापरीक्षण वेळेवर व्हावं, आणि दहा लाखांच्या वर जाणारा प्रत्येक जादा खर्च सभागृहात नाव घेऊन मंजूर व्हावा. यातल्या काही गोष्टी तर लंडनची वाट न पाहता याच निवडणुकीत वचन म्हणून मागता येतात.

आणि त्या मागण्याचा हक्क कुणाकुणाला आहे हे मराठी माणसाने नीट ऐकावं. इंग्लंडमध्ये कायदेशीरपणे राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलातला म्हणून स्थानिक निवडणुकीत मत देऊ शकतो. पुण्याहून कंपनीने पाठवलेला, भाड्याच्या घरात राहून दर महिन्याला कौन्सिल टॅक्स भरणारा इंजिनिअर, नॉटिंगहॅमहून बदली होऊन आलेली नर्स, शिकायला आलेला विद्यार्थी, या सगळ्यांचं नाव यादीत असू शकतं. २०२३ पासून मतदान केंद्रावर फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं आणि भारतीय पासपोर्ट त्यासाठी चालतो. नाव मात्र मुदतीत नोंदवलेलं हवं. इतक्या लोकांना हे माहीतच नसतं, किंवा माहीत असून हे आपलं गाव नाही म्हणून ते घरी बसतात. पण काळ्या पिशव्या त्यांच्याही दारात होत्या आणि वाढलेला टॅक्स त्यांच्याही खात्यातून गेला. तेव्हा उमेदवार दारात आला की स्टार्मर यांच्याबद्दल काय वाटतं हे त्याला सांगण्याआधी त्याला विचारावं: समान वेतनाचे पैसे देऊन झाल्यावर तेच दावे तिसऱ्यांदा उभे राहू नयेत म्हणून वेतनश्रेणी कशा ठरवणार? नवी हिशेबप्रणाली कधी नीट चालेल आणि तोवर आकडे कुठून आणणार? २०२३ नंतर शहराच्या कोणत्या मालमत्ता विकल्या, किती किमतीला, आणि अजून कोणत्या विकायच्या यादीत आहेत? कमिशनरांनी सुचवलेल्या कोणत्या निर्णयाविरुद्ध तुम्ही मत द्याल? ज्याला यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, त्याचा पक्ष कोणताही असो, त्याला बर्मिंगहॅमचं मत मिळू नये.